रतनगड ते हरिश्चंद्रगड: तिघांचा स्वयंपाक फ्युएल टॅब्लेटवर होईल का?

डोंबिवलीचा_डोंगऱ्या

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही तिघं रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, पाचनई, हरिश्चंद्रगड असा बेत करतोय. दोन मुक्काम. दोघं डोंबिवलीहून लोकलने कसाऱ्याला येणार, तिसरा नाशिकहून बाइकने थेट रतनवाडीत. आजवर आमच्यासोबत कायम कुणीतरी गॅसवाला असायचा, यंदा तो नाही. म्हणून त्या पांढऱ्या फ्युएल टॅब्लेट (जळणाच्या वड्या) आणि घडीचा छोटा पत्र्याचा स्टँड मागवला.

बाल्कनीत करून पाहिलं. अर्धा लिटर पाण्याला १४ ग्रॅमची एक वडी पुरली नाही, दुसरी टाकली तेव्हा कुठे उकळी आली. पातेल्याच्या बुडाला तपकिरी चिकट थर बसला, आणि वास असा की आईने विचारलं, सुकट कुणी आणली?

प्रश्न असे: यावर मुगाची खिचडी शिजेल का? तिघांना दोन दिवसांसाठी किती वड्या? की सरळ गॅसचा डबा आणि बर्नर घ्यावा?

गॅसवाला_गडी

गॅस घे आणि मोकळा हो. वडीची आच कमी-जास्त करता येत नाही. एकदा पेटली की तिच्या मनाने जळते. खिचडीला आधी मोठी आच, मग वीस-पंचवीस मिनिटं मंद आच लागते, ती वडी कुठून देणार? शुद्ध ब्युटेन पारा शून्याच्या जवळ गेला की रुसतो, आपल्या सह्याद्रीत सहसा तेवढी थंडी पडत नाही. तिघं असाल तर दुसरा विचारच नको.

डोंगरमावशी

गडी, तुझं खिचडीबद्दलचं बरोबर आहे. बाकीचं अर्धंच बरोबर.

डोंगऱ्या, तू प्रश्नच उलटा विचारलास. आधी खिचडी ठरवलीस आणि मग तिला पुरेल असा जाळ शोधतोयस. या वड्यांवर स्वयंपाक करायचाच नसतो. पाणी तापवायचं, बास. शिजवण्याचं काम घरी, आपल्या गॅसवर, आदल्या दिवशी उरकायचं. मी नाशिकची, एकटी किंवा मैत्रिणीबरोबर फिरते आणि सॅकमध्ये वड्याच ठेवते. पण आम्ही चौघी-पाच जणी निघालो की मीही गॅसच घेते. तेव्हा वड्यांची भक्त वगैरे समजू नकोस.

हिशेब बघ. तिघांना संध्याकाळचा चहा, रात्रीचं गरम काहीतरी, सकाळचा चहा आणि नाश्ता मिळून साधारण तीन लिटर उकळतं पाणी लागतं. आडोसा चांगला असेल तर अर्ध्या लिटरला १४ ग्रॅमची एक वडी, म्हणजे सहा. वारा धरून नऊ घे. दोन्ही मुक्कामांना असं करायचं म्हटलं तर अठरा वड्या झाल्या, पाव किलो. वर स्टँड. २३० ग्रॅम गॅसचा डबा पत्र्यासकट साडेतीनशेच्या आसपास भरतो, वर बर्नर. म्हणजे तिघांसाठी वजनाचा फायदा किरकोळ, आणि वाट बघणं मात्र दुप्पट. गडी इथपर्यंत जिंकला.

पण तुमचा मार्ग बघ ना! दुसरा मुक्काम हरिश्चंद्रगडावर. तिथे हंगामात पाचनईची माणसं झापात (झोपडीत) पिठलं-भाकरी करून देतात, पहाटे चहासुद्धा. शनिवार-रविवार नसेल तर पाचनईत पोचल्यावर विचारून घ्या, वर कुणी नसलं तर गावातल्या घरीच जेवा. गाव असं रांधून घालत असताना तिथे पिशवीतून स्टँड काढून फुंकत बसायचं, हा कुठला शहाणपणा? रतनवाडीतही सांगून ठेवलं तर घरचं जेवण मिळतं. उरली फक्त रतनगडाच्या गुहेतली रात्र आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ. त्याला नऊ-दहा वड्या, सव्वाशे ते दीडशे ग्रॅम. आता गॅसचा डबा जड झाला की नाही?

तुझ्या बाल्कनीत दोन वड्या जळाल्या त्या वाऱ्यामुळे, वडीत खोट नाही. पत्र्याचा आडोसा कर. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून घे, कडा दुमडून ठोक, नाहीतर हात कापेल. पातेल्याभोवती बोटभर फट राहील एवढा गोल आणि पातेल्याच्या निम्म्या उंचीपर्यंत. खाली हवा जायला चार-पाच भोकं. स्वयंपाकघरातली पातळ अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळू नकोस, पहिल्याच झुळकीला ती उडून जाते. पातेलं बसकं आणि रुंद बुडाचं घे, उभा मग नको. झाकण हवंच.

पेटवायला एकट्या काडीने त्रास होतो. वडीच्या कोपऱ्यावर कापराची छोटी वडी ठेव आणि ती पेटव. कापूर लगेच धरतो आणि त्याच्या जिवावर ही पेटते. पाणी लवकर उकळलं तर फुंकून विझव, उरलेला तुकडा पुन्हा चालतो. गार होऊ दे मात्र, लगेच बोट लावू नको. पाकीट फोडलेल्या वड्या हवेतला दमटपणा ओढतात, मग जळताना तडतडतात. घट्ट झाकणाच्या डबीत ठेव.

चिकट थराचं म्हणशील तर चुलीवर भांडं चढवताना आपल्या आज्या बाहेरून राखेचा नाहीतर मातीचा लेप द्यायच्या, तोच दे. थर लेपावर बसतो आणि लेपाबरोबर निघतो. लेप नसेल तर भांडं कोमट असतानाच ओल्या फडक्याने पूस. पण ते फडकं गडावरच्या टाक्यात बुडवू नकोस हां, ते पिण्याचं पाणी आहे.

आता खायचं. बारीक रवा कोरडा खमंग भाज. वेगळ्या फोडणीत मोहरी, उडदाची डाळ, कुरकुरीत झालेला कढीपत्ता, सुकी मिरची, मीठ, चिमूट लिंबूसत्त्व. सगळं रव्यात मिसळून गार झालं की पिशवीत भर. वाटीभर मिश्रणाला अडीच वाट्या खळखळतं पाणी, झाकण, आणि पातेलं टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं विसरून जा. उपमा तयार, जाळ केव्हाच विझलेला. खिचडीवर जीव फारच गेला असेल तर ती घरी कर.

पिठल्याचंही तसंच: बेसन फोडणीत भाजून न्यायचं, गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं, दोन मिनिटं ढवळायचं. बरोबर दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या. आणि दुपारच्या जेवणाला आग लागतेच कशाला? सातूचं पीठ, गूळ, पाणी. पातळ पोह्यांवर मेतकूट आणि दही नसलं तर ताक-पावडर. कात्राबाईच्या चढाला माझं तरी सातूवरच भागतं.

लोहमार्ग_प्रवासी

एका गोष्टीकडे सगळ्यांनी काणाडोळा केलाय. डोंबिवली ते कसारा लोकल म्हणजे रेल्वेच. गॅसचा डबा काय, या वड्या काय, दोन्ही ज्वालाग्राही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ६७ नुसार असं सामान बरोबर नेता येत नाही आणि कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘कोण बघतंय’ म्हणू नका, डबे खच्चून भरलेले असतात. विमानातही तेच, हिमालयात जाताना वड्या ना हातातल्या बॅगेत चालतात ना चेक-इनमध्ये. तिथे पोचल्यावरच घ्यायच्या.

डोंगरमावशी

लोहमार्ग, बरं झालं बोललात. मग सोपं आहे. डोंगऱ्या, तुझा तिसरा गडी नाशिकहून बाइकने येतोय ना? वड्या त्यानेच घ्याव्यात. तुम्ही दोघं लोकलने पुऱ्या आणा, त्यांना कुणी अडवत नाही.

प्रयोगशाळेतला_पांडू

रसायनशास्त्राचा माणूस म्हणून थोडी भर. या वड्या बहुधा हेक्झामिनच्या असतात. फॉर्माल्डिहाइड आणि अमोनिया यांच्यापासून होणारं हे संयुग रशियन रसायनशास्त्रज्ञ बुटलेरोव्ह यांनी १८५९ मध्ये पहिल्यांदा तयार केलं. १९३६ मध्ये जर्मनीत शुम नावाच्या गृहस्थांनी त्याच्या जळणाच्या वड्या बाजारात आणल्या, ‘एस्बिट’ हे नाव त्यांचंच. गंमत म्हणजे मिथेनामाइन या नावाने हेच रसायन लघवीच्या जंतुसंसर्गावर औषध म्हणूनही देतात. पण म्हणून जळणाची वडी कुणी चाखू नये! दिसायला ती अगदी साखरेच्या वडीसारखी असते, लहान मुलं बरोबर असतील तर लांब ठेवा.

मावशींचा हिशेब आकड्यांतही बसतो. हेक्झामिनमधून किलोमागे सुमारे ३० मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे १४ ग्रॅमच्या वडीतून जवळजवळ ४२० किलोज्यूल. २० अंशांचं अर्धा लिटर पाणी रतनगडाच्या उंचीवर उकळवायला १६० च्या आसपास लागतात. (तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं.) तेव्हा वडीतली चाळीस टक्के उष्णता पातेल्यात शिरली तरच एका वडीत काम होतं. बाल्कनीत ती वीस टक्क्यांवर आली असणार, म्हणून दोन लागल्या. आडोसा आणि झाकण यांचं महत्त्व एवढ्यासाठीच.

आणि महत्त्वाचं: जळताना फॉर्माल्डिहाइड, नायट्रोजनची ऑक्साइडं, थोडं हायड्रोजन सायनाइडसुद्धा निघू शकतं. मोकळ्यावर त्रास होत नाही, पण तंबूत किंवा गुहेच्या आत, झोपलेल्या माणसांशेजारी, अजिबात नको. काहींना हाताळून त्वचेवर पुरळ येतं, म्हणून वडी धरल्यावर हात धुऊनच पुरीला लावा.

गॅसवाला_गडी

माघार. फक्त एक विचारतो, चूल का नको? रतनगडाला काटक्या चिक्कार मिळतात, आणि चुलीवरच्या चहाची सर वडीवरच्या चहाला येणार नाही.

डोंगरमावशी

चहाचं मान्य. पण हा सगळा कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० ने बंदी आहे. आणि डिसेंबरात गवत पिवळं पडलेलं असतं. एक ठिणगी उडाली की अख्खा उतार पेटतो, आणि मग विझवायला तुम्ही-आम्ही नाही, रतनवाडीची माणसं हिरव्या फांद्या घेऊन धावतात. गुहांची छतं काळी झाली आहेत ती कशाने, तुला ठाऊक आहे.

वडीलाही हा नियम आहेच. ठिणगी नाही म्हणून बिनधास्त राहायचं नाही. दिवसा तिची ज्योत नीट दिसत नाही आणि स्टँडचं बूडही तापतं. गवत नसलेला सपाट कातळ बघायचा, हाताशी पाण्याची बाटली, आणि पेटलेली वडी सोडून फोटो काढायला नेढ्यापर्यंत (गडाच्या कातळातल्या आरपार भोकापर्यंत) जायचं नाही. रिकामी पाकिटं आणि जळून उरलेला चिकट तुकडा परत सॅकमध्ये.

डोंबिवलीचा_डोंगऱ्या

मावशी, सगळ्यांचे आभार. नाशिकच्या मित्राला दहा वड्यांचं सांगितलं, खिचडी रद्द. एकच शंका राहिली: पिण्याचं पाणीही उकळून घ्यायचं का? मग वड्या वाढतील.

डोंगरमावशी

नाही रे, त्यासाठी वड्या जाळू नकोस. टाक्यातलं पाणी फडक्यातून गाळून क्लोरीनचे थेंब टाक, पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ थांब, मग पी. उकळायचं ते फक्त चहाचं आणि उपम्याचं. आणि कात्राबाईला वाटाड्या रतनवाडीतूनच घ्या, खिंडीच्या अलीकडे जंगलात ढोरवाटा फार फुटतात. पैसे आधी ठरवा, त्याचंही जेवण धरा, म्हणजे पुऱ्या चौघांच्या.