मदत हवी आहे: खुनी बाईचं दुःख दाखवायचंय, खून लपवायचाय

निवृत्तांच्या वसाहतीत घडणारी रहस्यकथा लिहितेय. मुलीला गाडीखाली चिरडून सुटलेला माणूस तिथेच राहायला येतो, आई सूड घेते आणि मग अपराधीपणा तिला खात राहतो. घोळ असा की निम्मी कथा तिच्याच तोंडून आहे आणि इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सच्या रहस्यकथांसाठीच्या 1929 च्या नियमांत पहिलाच नियम, गुन्हेगाराचे विचार वाचकाला कळू द्यायचे नाहीत (मोडायला हरकत नाही म्हणा). तृतीयपुरुषी करून बघितलं तर बाई कोरडी झाली, डायरी टाकली तर सगळं आधीच फुटलं. रात्री ती मेलेल्याच्या दाराबाहेरच्या कुंडीला पाणी घालते, तेवढं जमलंय. खुनाची पद्धत, शेवट पक्का आहे, त्यावर नको. वाचकाला तिचा अपराधीपणा आधी शोकच वाटावा, पण उलगड्यानंतर फसवल्यासारखं वाटू नये, तर तिच्या मनातलं काय दाखवू आणि काय गाळू?