शाळेला शुद्ध पाणी आणि कंत्राटी कामगारांचा थकलेला पीएफ

हिशेबी (प्रश्न)

पुणे जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत मध्यम आकाराच्या कारखान्याचा मनुष्यबळ विभाग मी सांभाळतो. आमचा सरासरी निव्वळ नफा सहा कोटींच्या आसपास असल्यामुळे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे दोन टक्के, म्हणजे सुमारे १२ लाख रुपये, आम्हाला सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करावे लागतात. यंदा शेजारच्या गावातील शाळेत पाणी शुद्ध करणारे यंत्र बसवायचे ठरले असून संगमरवरी पाटीवरचा मजकूरही मंजूर झाला आहे.

गेल्या आठवड्यात साफसफाईच्या कामावरील एका कंत्राटी ताईंनी मोबाइलवर आपले पीएफचे पासबुक उघडून माझ्यापुढे धरले. पगारपत्रकात दरमहा कपात दिसते, पासबुकात मात्र ऑक्टोबरनंतर एकही नोंद नाही. चौकशी केल्यावर कळले की ठेकेदाराच्या ४६ कामगारांचा पाच महिन्यांचा भरणा, कामगार आणि मालक असे दोन्ही हिस्से धरून साधारण आठ लाख रुपये, थकला आहे. याच बायका भंगाराच्या शेडमागे बसून डबा खातात, कारण कॅन्टीनचे कूपन फक्त कायम कामगारांना मिळते. “ठेकेदाराची माणसे, ठेकेदाराने बघावे,” एवढेच वरिष्ठांचे उत्तर आहे. आता एका मोठ्या ग्राहक कंपनीच्या तपासणीसाठी “कंत्राटी कामगारांची सर्व वैधानिक देणी चुकती आहेत” अशा पत्रावर माझी सही मागितली जात आहे. सीएसआरच्या निधीतून ही थकबाकी, किंवा निदान या बायकांसाठी बसायची खोली, होऊ शकेल का? आणि सहीचे मी काय करावे?

कलमबहाद्दर

दोन्ही होणार नाही. कायद्याने जे करणे तुमच्यावर आधीच बंधनकारक आहे, त्यावरचा खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, हे जानेवारी २०२१ च्या दुरुस्त नियमांत स्पष्टपणे लिहिलेले आहे. पीएफ हे वैधानिक देणे आहे. पिण्याचे पाणी, विश्रांतीची जागा, उपाहारगृह या सोयी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेल्या आहेत आणि ठेकेदाराने त्या दिल्या नाहीत तर मुख्य नियोक्त्याने, म्हणजे काम करून घेणाऱ्या कंपनीने, त्या पुरवून खर्च ठेकेदाराकडून वसूल करावा, अशी त्या कायद्यातच तरतूद होती.

“ठेकेदाराने बघावे” हे उत्तरही कायद्यापुढे टिकत नाही. १९५२ च्या पीएफ योजनेप्रमाणे ठेकेदारामार्फत नेमलेल्या कामगारांच्या भरण्याची अंतिम जबाबदारी मुख्य नियोक्त्याची, म्हणजे तुमच्या कंपनीची, आहे. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम न भरणे हा तर विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. पासबुक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यानंतर त्या पत्रावर सही करू नये. नकार तोंडी न देता ई-मेलने द्यावा आणि त्यात थकीत महिने व रक्कम नमूद करावी.

मजूरपुरवठा

मला शिव्या पडणार हे ठाऊक असूनही लिहितो, कारण मी तुमच्या ठेकेदाराच्याच धंद्यात आहे. पगार सात तारखेला, पीएफ पंधरा तारखेपर्यंत आणि जीएसटी वीस तारखेला भरायचा, पण कंपनीकडून बिल मात्र तीन महिन्यांनी सुटते. कापलेले पैसे वापरणे अक्षम्य आहे, त्याचे मी समर्थन करत नाही. तरीही एकदा आपल्या लेखा विभागात जाऊन या ठेकेदाराची बिले किती दिवसांनी दिली जातात, हे अवश्य पाहावे. तो उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी चालत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवसच. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि आयकरात तो खर्चही प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. हा शेवटचा मुद्दा मालकांना लवकर समजतो.

तिसरी_पाळी

मी संघटनेचे काम केलेला निवृत्त कामगार आहे. माझ्या अनुभवात एकच उपाय चालला. मागच्या महिन्याचे पीएफ चलन, म्हणजे भरणा केल्याची पावती, आणि त्यासोबतची कामगारनिहाय यादी जोडल्याशिवाय ठेकेदाराचे बिल स्वीकारायचे नाही, आणि जोडले की ठरल्या दिवशी पैसे सोडायचे. नुसते चलन बघून भागत नाही; आमच्याकडे एकदा चलन खरे होते, पण ते साठांपैकी बावीस जणांचेच निघाले. कॅन्टीनसाठी तर बारा लाखही नकोत आणि संचालक मंडळाचा ठरावही नको. त्या बायकांना कूपन द्यावे, म्हणजे त्या उद्यापासून आत बसतील.

हिशेबी

सर्वांचे आभार. सही केलेली नाही. नकार ई-मेलने कळवला आहे आणि त्यावर अद्याप उत्तर आलेले नाही. कूपनांचा निर्णय माझ्याच अधिकारात होता, हे मला आधी सुचले नाही याची लाज वाटते. सोमवारपासून ती सुरू झाली. ठेकेदाराच्या बिलांची फाइलही काढून पाहिली. आधीची दोन बिले ८८ आणि ९४ दिवसांनी दिली गेली होती. तिसरे अजून कपाटातच होते आणि त्यावर “हजेरी पडताळून पाहावी” असा शेरा होता. तो शेरा आमच्याच विभागाचा असून खाली माझी आद्याक्षरे आहेत. आज दुपारी हजेरी पडताळून ते बिल, थकीत चलन आधी भरण्याच्या अटीवर, पुढे पाठवले.