पीक फ्लो मीटर कोणता घ्यावा? (बजेट १०००)

धायरीकर: आईला (६२) दमा आहे, पंप चालू आहे. डॉक्टरांनी घरी सकाळ-संध्याकाळ पीक फ्लोचा (जोरात फुंकर मारल्यावर हवा किती वेगाने सुटते त्याचा) आकडा लिहायला सांगितलाय. हजाराच्या आत कोणता चांगला? पीएफटीही (लॅबमधली फुप्फुसांची तपासणी) सांगितलीय, पण तिला दगदग नको वाटते.

बाकरवडी: तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र घ्या. काकांना बायपासनंतर दिलं होतं. तिन्ही चेंडू वर गेले की फुप्फुस ठणठणीत.

मिरजेची_मिरची: बाकरवडी, त्यात श्वास ओढायचा असतो. दम्यात अडतं ते बाहेर सोडताना. व्यायामाला ठीक, मोजायला नाही.

गच्चीवरचा: ब्लूटूथवाला स्पायरोमीटर (श्वास मोजायचं यंत्र) घ्या. मी १४ हजारांना घेतला, मोबाइलवर आलेखच येतो. स्वस्तातलं घेऊन पस्तावाल.

धायरीकर: बजेट हजार आहे हो.

गच्चीवरचा: तब्येतीपुढे पैसा काय!

लोखंडी_तवा: आधी बाल्कनीतली कबुतरं हाकला. मीटर नंतर.

शेवंती: साधा प्लास्टिकचा, सरकत्या काट्याचा पुरतो. लेकासाठी तोच वापरते. काटा खाली आणायचा, उभं राहून छातीभर श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून फाटकन एकच फुंकर. असं तीनदा. सरासरी काढू नका, सर्वांत मोठा आकडा लिहा. दमा आटोक्यात असतानाचा आईंचा सर्वांत चांगला आकडा धरा. त्याच्या ८० टक्क्यांवर हिरवं, ५० ते ८० पिवळं, ५० च्या खाली लाल, म्हणजे थेट दवाखाना.

बाकरवडी: हेच म्हणत होतो, साधंच घ्या.

मिरजेची_मिरची: पीएफटी आधी करा. मीटर फक्त फुंकरीचा वेग सांगतो. पीएफटीत पहिल्या सेकंदात किती हवा सुटली आणि एकूण किती, दोन्ही कळतं. नाकाला चिमटा लावून फुंकायला लावतात, टेक्निशियन ‘अजून, अजून’ ओरडत राहतो. मग पंप देऊन १५-२० मिनिटांनी पुन्हा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आधी सांगा.

लोखंडी_तवा: आणि पीएफटीच्या दिवशी सकाळी पंप घ्यायचा की नाही ते आधी फोनवर विचारा. आम्ही घेऊन गेलो, तर तासभर बसवून परत पाठवलं. पार्किंगचे पैसे वेगळे.

शेवंती: +१, पीएफटी आधी.

धायरीकर: सर्वांचे आभार. सातशेचा साधा मागवला. पीएफटी दिवाळीनंतर, आई ऐकत नाहीये.

मिरजेची_मिरची: फटाक्यांच्या धुरानंतर? धन्य आहे! निदान आकडे तरी रोज लिहा.

गच्चीवरचा: कुणाला ब्लूटूथवाला हवाय का? जवळपास नवाच आहे, ९ हजारांत देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.