गणपतीतल्या व्यसनमुक्ती कार्यक्रमात नेमके काय सांगावे?

कृष्णाकाठ:
आमच्या मंडळातर्फे दर गणेशोत्सवात एका संध्याकाळी व्यसनमुक्तीवर व्याख्यान असते. वक्ते खराब झालेल्या यकृताची चित्रे दाखवतात, टाळ्या पडतात आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे ते मांडवामागे उभे राहून हसतात. गेल्या वर्षी आमच्या आळीतील एका गृहस्थांनी गटारीला शेवटची घेतली आणि श्रावण कडक पाळायचा ठरवला. तिसऱ्या दिवशी ते चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकू लागले, मुलालाही ओळखेनात. बाहेरचे काहीतरी लागले असे समजून त्यांना आधी देवऋषीकडे नेले आणि रुग्णालय गाठेपर्यंत फार उशीर झाला. वीस वर्षे पिऊन जे झाले नाही ते सोडल्यावर कसे झाले, असे त्यांची पत्नी अजून विचारते. तिला काय सांगावे हे आम्हाला कळत नाही.

वॉर्डातली ताई:
मी परिचारिका आहे आणि श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात असे रुग्ण आमच्याकडे दरवर्षी येतात. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूच्या दाबाखाली काम करण्याची सवय झालेली असते. तो दाब एकाएकी निघाला की मेंदू भडकतो. काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास व भ्रम सुरू झाले तर जिवावर बेतते. त्याला खोलीत कोंडणे किंवा खाटेला बांधणे हा उपचार नव्हे. फिट आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये आणि १०८ ला फोन करावा. रोज पिणाऱ्याने दारू सोडावीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यासाठी औषधे आहेत, आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनेही बहुधा लागतात.

सातवे वर्ष:
ताईंच्या म्हणण्यात माझी भर. चहातून नकळत देण्याच्या पुड्यांच्या जाहिराती गावोगावी दिसतात. माझ्या घरच्यांनीही तो प्रयोग माझ्यावर केला होता. दारूशी रिअ‍ॅक्शन होणारे औषध न सांगता दिले आणि माणूस वरून प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, हे कार्यक्रमात ठणकावून सांगा. दुसरे असे की केंद्रातून परतलेला माणूस घसरला तर ‘सगळे पैसे पाण्यात गेले’ असे म्हणू नका. मी तीनदा घसरलो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेही समुपदेशक म्हणून काम करतात; आपल्यासारखाच कोणी समोर बसला की खोटे बोलण्यात अर्थ उरत नाही, हा माझा अनुभव आहे.

नागपूरकर:
आपल्याकडे व्यसन म्हणजे दारूच असे धरून चालतात, म्हणून लिहितो. गर्द (म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइन) किंवा अफूच्या जातीच्या गोळ्या घेणाऱ्याला सर्वाधिक धोका केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरच्या दिवसांत असतो, कारण शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि हात मात्र जुन्याच मात्रेकडे जातो. घोरल्यासारखा आवाज, मंद श्वास, निळसर ओठ दिसले तर ‘झोपू द्या, उतरेल’ म्हणू नये. नॅलोक्सोन हे उतारा-औषध रुग्णालयात मिळते. तोवर हाका मारून जागे ठेवण्याचा प्रयत्न करावा, श्वास थांबत असेल तर तोंडाने द्यावा. पोलिसांच्या भीतीने बरोबरचे मित्र पळून जातात, म्हणून हे तरुणांना आधी सांगायला हवे. सल्ल्यासाठी १४४४६ हा शासनाचा विनामूल्य क्रमांक आहे.

कृष्णाकाठ:
सर्वांचे आभार. ताईंचे उत्तर वाचल्यावर लक्षात आले की गणपतीत हे सांगून फारसा उपयोग नाही, कारण तोवर श्रावण उलटून गेलेला असतो. मंडळाशी बोललो, यंदाचा कार्यक्रम आषाढात, गटारीच्या आधीच्या रविवारी घेत आहोत. त्या वहिनींनाही बोलावले आहे. त्या म्हणाल्या, येईन, पण मागे बसेन.