बूथचा मोडका पाय बांधणारा डॉक्टर दोषी होता का?

टिळकवाडीकर: १४ एप्रिल १८६५ च्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष लिंकनना गोळी घालून जॉन विल्क्स बूथ पळाला. पाय मोडलेला. पहाटे चारला एका साथीदारासह त्यानं मेरिलँडमधल्या डॉ. सॅम्युएल मड यांचं दार वाजवलं. मडनी पाय फळ्यांत बांधला आणि पुढे लष्करी आयोगानं त्यांना जन्मठेप दिली. फाशी एका मतानं हुकली. हा अन्याय होता. माझ्या वडिलांचा खानापूरला दवाखाना होता. पावसाळ्यात मध्यरात्री जंगलाकडून कोणी आलं तर ते आधी जखम धुवायचे, नाव-गाव नंतर. कण्हणाऱ्याला परत पाठवणारा डॉक्टर काय कामाचा?

शहापूरची सून: दादा, पाय बांधला त्याबद्दल माझी तक्रारच नाही. पण संशय आला तर वडील पोलिसांना कळवत असतील की! त्याच दिवशी, शनिवारी दुपारी मड जवळच्या ब्रायनटाउन गावी गेले. तिथं घोडदळ आलेलं, खुनाची बातमी गावभर. बूथ तेव्हा त्यांच्याच घरात झोपलेला. सैनिकांना एक शब्द नाही. रविवारी चर्चनंतर चुलतभावाला सांगितलं, अनोळखी माणसं येऊन गेली म्हणून. अनोळखी कसली? आदल्या नोव्हेंबरात बूथ त्यांच्याकडे मुक्कामाला होता.

टिळकवाडीकर: घरात बायको, लहान मुलं आणि हत्यारबंद दोघं. घाबरला असेल माणूस. तुरुंगात १८६७ ला पीतज्वराची साथ आली, तिथला डॉक्टर दगावला, तेव्हा याच मडनी रोगी सांभाळले. १८६९ ला माफी मिळाली ती उगीच नाही.

शहापूरची सून: त्या सेवेला माझा नमस्कार. शनिवारची दुपार त्यानं पुसली जात नाही.

निपाणीवाला: तुम्ही दोघं डॉक्टरलाच धरून बसलाय. थॉमस जोन्सनं बूथला पाइनच्या झाडीत लपवलं, भाकरी दिली, वर्तमानपत्रं दिली, शेवटी होडी दिली. एक लाख डॉलरचं बक्षीस असताना! त्याच्यावर खटलासुद्धा झाला नाही. बारा दिवस बूथ निसटत राहिला तो अशा माणसांमुळे. सीमेवरची शिनोळी ओलांडली की आपला मुलूख, असं आपण म्हणतो ना? बूथला पोटोमॅक नदीबद्दल तसंच वाटत होतं. पलीकडं व्हर्जिनियात डॉ. स्टुअर्ट भेटले. यादवी युद्धात बूथसारखेच दक्षिणेच्या बाजूचे, घरात लेकीबाळी. त्यांनी जेवायला घातलं, पण रात्रीचा आसरा दिला नाही. २६ एप्रिलला गॅरेटच्या कोठारात बूथ संपला.

टिळकवाडीकर: स्टुअर्टचं माहीत नव्हतं. शनिवारच्या दुपारचं उत्तर माझ्याकडे नाही, ताई. पण जन्मठेप जास्तच झाली, यावरून मी हटणार नाही.