झाडावरची सफरचंदं संपता संपत नाहीत, टिकाऊ काय करू?

फांदीखाली:
यंदा दारचं झाड असं लगडलंय की खाऊन झालं, वाटून झालं, तरी टोपल्या भरलेल्याच. काही कच्चट-आंबट, काही पिकून मऊ, आणि रोज सकाळी खाली सडा पडतो तो वेगळाच. जॅम घालायचा विचार आहे, पण विकतचं पेक्टिन (जॅम घट्ट करणारा पदार्थ) नको आणि साखरही जमेल तितकी कमी. पडलेली, डागाळलेली फळं चालतील का? आणि सालं काढायची का?

उकळता_रस:
सालं काढा, पण फेकू नका! पेक्टिनचा खरा साठा साल आणि गाभ्यातच असतो, तुम्हाला विकत घ्यायचं कारणच नाही. कच्चट सफरचंदांत ते पिकलेल्यांपेक्षा जास्त, म्हणून ती आधी वापरा. एकट्या मऊ पडलेल्यांवर जॅमची भिस्त ठेवू नका, निम्मी तरी आंबट मिसळा.

मी गाळलेल्या रसाची जेली करते: साल-गाभे आणि आंबट फळांच्या फोडी जेमतेम बुडतील इतक्या पाण्यात मऊ शिजवते आणि मलमलच्या फडक्यात रात्रभर टांगते. फडकं पिळायचं नाही. हात शिवशिवतात, कबूल, पण पिळलं की जेली गढूळ झालीच. लिटरभर रसाला पाऊण किलो साखर आणि एका लिंबाचा रस. साखर पूर्ण विरघळल्यावरच आच मोठी करा. सुरुवातीला भांडंभर फेस येतो, पाण्यासारखा खळखळतो. मग बुडबुडे जड, संथ होतात, फुटताना 'पुट्‌ पुट्‌' आवाज येतो. तिथे गॅस बंद करून फ्रीजरमध्ये ठेवलेल्या बशीवर थेंब टाका, मिनिटभराने बोटाने ढकला. सुरकुती पडली तर झालं. थर्मामीटर असेल तर 105 अंशांच्या आसपास. उंचावर राहत असाल तर तुमच्याकडे पाणी जिथे उकळतं त्याच्या वर चार-पाच अंश धरा.

एकदम सगळं शिजवायला काढू नका. मोठा घाणा आटायला वेळ लागतो, तोवर पेक्टिन तुटतं, रंगही काळवंडतो. भांडं रुंद आणि स्टीलचं घ्या. साधं अ‍ॅल्युमिनियम आंबटाला नको.

पडलेल्यांचं म्हणाल तर आपटून तपकिरी झालेला भाग कापा, बाकीचं वापरा. बुरशी दिसली तर मात्र अख्खं फळ बाहेर. कापून भागत नाही, कारण सफरचंदाच्या बुरशीतलं पॅटुलिन हे विष शिजवूनही पुरतं जात नाही.

मंद_आच:
साखर कमी हवी असेल तर जेलीच्या नादी लागू नका. जॅम-जेली टिकते ती साठ टक्क्यांच्या वरच्या साखरेवर. ती कमी केलीत की बरणी फ्रीजमध्ये आणि महिनाभरात संपवायची. त्यापेक्षा घट्ट गर आटवा. फोडी आधी नुसत्या पाण्यात शिजवा, साखर मागून घाला, नाहीतर फोडी टणकच राहतात. चाळणीतून काढून अगदी मंद आचेवर ढवळत बसा. झाकण तिरकं ठेवा, गर ज्वालामुखीसारखा उडतो आणि चटका जबर बसतो. चमचाभर बशीत काढल्यावर भोवती पाण्याचं कडं सुटलं नाही की तयार. चवीपुरती दालचिनी घाला, लवंग मात्र बेताने. साखर अजिबात नको असेल तर हाच गर डब्यांत गोठवा.

फांदीखाली:
दोघांचेही आभार. साल-गाभ्यांबरोबर बिया गेल्या तर? त्यांत विष असतं म्हणतात.

उकळता_रस:
अख्ख्या बिया गाळताना वर राहतात, काळजी नको. मात्र मिक्सरमध्ये घालू नका. ते सायनाइडवालं द्रव्य बी फुटल्याशिवाय फारसं बाहेर पडत नाही.

मंद_आच:
बरण्या गरम असतानाच भरा, गार काचेत उकळता गर ओतलात तर तडकेल. वर्षभर बाहेर ठेवायच्या असतील तर घट्ट झाकणांसकट उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं ठेवा, उंचावर आणखी पाच. गार झाल्यावर झाकणाचा मध्य दाबून बघा. टक्‌ करून वर आला, तर बरणी हवाबंद झाली नाही, ती आधी संपवायची.

फांदीखाली:
उद्या आंबट टोपलीची जेली, मऊ पडलेल्यांचा गर. बुरशीवाली आत्ताच वेगळी काढते.