मदत हवी आहे: रवाल चालीची घोडी नाल बदलल्यापासून ठेचकाळतेय, खटखट वाजतेय

नमस्कार मंडळी. मखमलाबादला आमची द्राक्षबाग आहे. मागच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून एक मारवाडी घोडी आणली. कुमैत रंग (अंग तांबूस, आयाळ काळी), साडेचार वर्षांची, कानांची टोकं एकमेकांना भिडतात. सोबतचे लोक कान आणि अंगावरचे केसांचे भोवरे बघत होते, मी चालीवर भुललो. विकणाऱ्याने पाण्याने भरलेला तांब्या हातात दिला आणि म्हणाला, बसा. शंभरेक पावलं गेलो, पाणी हिंदकळलं पण सांडलं नाही.

ज्यांनी रवाल पाहिली नाही त्यांच्यासाठी: दुडकीत घोड्याचे तिरपे दोन पाय एकदम पडतात, म्हणून बसणारा उडतो. रवालीत आधी एका बाजूचा मागचा पाय पडतो, पाठोपाठ त्याच बाजूचा पुढचा, मग दुसरी बाजू. डांबरावर कान दिला तर चार ठोके सुटे ऐकू येतात. ते चार ठोके आता हरवलेत, म्हणून हा धागा.

यात्रेतले नाल मी मार्चच्या मध्यापर्यंत तसेच ठेवले. जवळपास तीन महिने. चूक माझीच, छाटणीच्या गडबडीत राहून गेलं असं म्हणायलाही तोंड नाही, कारण तेव्हा माल उतरत होता. मग बैलांना पत्र्या मारणारे आणि वरातीच्या घोड्यांचेही नाल करणारे एक चाचा आले. हात साफ, घोडीने पाय शांतपणे दिले. पण त्यांनी खुराच्या टाचा बऱ्याच खाली घेतल्या आणि पुढचं टोक जवळपास तसंच ठेवलं. “टोक राहिलं की चाल लांब पडते,” म्हणाले.

तेव्हापासून हळू चालवली की एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडतात. दोनच ठोके, आणि वर बसणारा उंटावर बसल्यासारखा डुलतो. जरा वेग दिला की खट्, खट्, लोखंडावर लोखंड. पुढच्या नालांच्या आतल्या कडेला चकचकीत ओरखडे आलेत. भाच्याने कालव्याकडच्या मुरमाच्या रस्त्यावर मोबाईलने स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं. त्यात स्पष्ट दिसतं, मागचा पाय येऊन पोचतो तरी पुढचा खूर टोकावर अडकल्यासारखा जमिनीवरच असतो. उजव्या पुढच्या पायाने तर दोनदा ठेच खाल्ली. डावा पुढचा खूर आधी बाहेरच्या कडेवर टेकतो, ते नवं की जुनं माहीत नाही.

आता एक जण म्हणतो पुढे जड नाल मारा, पाय उचलून टाकेल, चाल बसेल. आत्ताचा नाल बेदाण्याच्या काट्यावर साधारण ३८० ग्रॅम भरतो, तो सांगतोय सहाशेच्या पुढचा. मन घेत नाही. दुसरा म्हणतो नाल काढूनच टाका. शेतातल्या काळ्या मातीत चालेल, पण पेठ रोडच्या खडीवर? कोणी असं नालाने दुरुस्त करून घेतलंय का? एक्स-रे काढावा का? नाशकात असा नालबंद आहे का जो फक्त ठोकत नाही, आधी चालवून बघतो?

प्रतिसाद १
भाऊ, आमच्याकडे वरातीची सहा घोडी आहेत. जड नाल आणि घोट्याला साखळी, आठ दिवसांत पाय उचलतो. एवढा विचार करू नका.

प्रतिसाद २
साखळीवाल्या दादांना हात जोडून विनंती, हे कुणाला सांगू नका. अमेरिकेत टेनेसी वॉकिंग घोड्यांना असंच उचलून चालायला लावायचे, खुराखाली थरावर थर, पायात साखळ्या, शिवाय कातडीला आग होईल अशी औषधं. त्या दुखवण्याविरुद्ध तिथे १९७० साली कायदा करावा लागला. दुखतंय म्हणून उचललेला पाय म्हणजे चाल नव्हे.

धागाकर्ते, तुमचं उत्तर तुमच्याच शूटिंगमध्ये आहे. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तीन महिन्यांत टोक किती पुढे गेलं असेल बघा, आणि नाल त्याच्यासोबत पुढे सरकतो. चाचांनी टोक ठेवून टाचा कापल्या, म्हणजे होतं त्यात भर घातली. टोक जितकं लांब तितका खूर जमिनीवरून उलटायला उशीर. मागचा पाय वेळेवर येतो आणि पुढच्यावर आपटतो. जड नालाने आवाज थांबला तरी उशीर तसाच राहील, वर पायाच्या मागच्या शिरेवर ताण.

सपाट फरशीवर उभी करून बाजूने फोटो काढा. खुराच्या पुढच्या भिंतीची रेघ आणि घोट्याखालच्या तिरक्या हाडाची रेघ एकच दिसायला हवी. खुराशी ती मागे मोडलेली दिसली तर टोक लांब, टाच खाली. बहुतेक घोड्यांत पुढच्या खुराचा जमिनीशी कोन ५० ते ५५ अंशांच्या आसपास असतो, पण आकड्यापेक्षा रेघ जुळणं महत्त्वाचं. टाच लगेच परत येणार नाही, ती वाढू द्यावी लागते. टोकही एका बैठकीत सगळं उडवू नका, दोन-तीन फेऱ्यांत. पुढच्या नालाचं टोक तापवून वर गोल वळवून घ्या, म्हणजे पाय लवकर उलटतो. नालाच्या मागच्या फांद्या टाचेला पुरतील इतक्या लांब ठेवा. खिळे खुराच्या तळाशी कडेने दिसणाऱ्या पांढऱ्या रेघेच्या बाहेर, हे नालबंदाला सांगायला लागलं तर नालबंद बदला. तोवर पुढच्या पायांत रबरी घंटाबूट (खुरावर घंटेसारखं बसणारं आवरण) घाला, टाच फाटायची नाही.

डुलण्याचं मात्र सगळं खापर नालावर फोडू नका. पाठ दाबून बघा, खोगीर बोचतं का बघा, लगाम ओढून मान वर ठेवता का तेही. ताणलेली पाठ असली की रवालीची घोडी अशी दोन ठोक्यांवर येते. काटेरी लगाम असेल तर आजच फेकून द्या. नाहीतरी त्यावर बंदी आहे.

धागाकर्ता
मनापासून धन्यवाद. लगाम साधाच आहे. खोगिराखाली दोन घोंगड्या घालत होतो, त्यातली एक खांद्यापाशी गोळा होत होती. हात फिरवल्यावर कळलं.

फोटो काढला, रेघ मोडलेलीच निघाली. कोन मोबाईलवर ४६ आला. पशुवैद्य येऊन गेले. लंगडत नाही, त्यामुळे आधी खूर सुधारून बघा, एक्स-रे नंतर, डाव्या खुराचंही तेव्हाच बघू म्हणाले. मग त्याच चाचांना फोटो दाखवला. आधी जरा रुसले, मग स्वतःच म्हणाले, “आधी चालवून दाखव.” दोनदा चालवली. तिसऱ्यांदा ते खाली वाकून बसले आणि नुसतं ऐकत राहिले. नवीन नालाचं टोक गावातल्या लोहाराच्या भट्टीवर वळवून आणलं. टोक बोटभराहून कमी काढलं, टाचेला कानस लावलीच नाही.

बारा दिवस झाले. ठेच नाही. खटखट फक्त उतारावर येते. आज सकाळी कालव्याच्या पुलापासून आमच्या फाटकापर्यंत चार ठोके मिळाले, फाटकात वळताना परत दोन. पुढची फेरी पाचव्या आठवड्यात, या वेळी तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहिली आहे. चाचा येतील तेव्हा कोणाला बघायला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.